टोकियो नेमके किती तास दूर आहे?

विमानप्रवासाचा इतिहास बहुधा इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पंख्याची विमाने गेली, जेट आले, जग जवळ आले. हेलसिंकी–टोकियो मार्गाला ही मांडणी मुळीच लागू पडत नाही.

पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. ही दोन शहरे सुमारे ७,८०० किलोमीटर अंतरावर आहेत आणि जेट विमानाला साडेनऊ तास पुरतात. मात्र तो दोरा जवळजवळ सगळाच रशियावरून जातो.

शीतयुद्धात सायबेरियाचे आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद होते. त्यामुळे २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–टोकियो सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातील अँकरेजला इंधन घेत. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्राचा भरवसा राहत नाही. विशेष जायरो आणि आकाशस्थ ज्योतींचे वेध यांवर विसंबावे लागे. पुढे जेट आले, तरी अँकरेजचा थांबा सुटला नाही. तेथील विमानतळावर जपानी प्रवाशांसाठी चक्क उदोन शेवयांचे दुकान चालत असे. शीतयुद्धाचा हा अवशेष बर्लिनच्या भिंतीइतकाच बोलका आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला जागा नाही.

सोव्हिएत दार पूर्ण बंद होते असेही नाही. १९६७ पासून टोकियो–मॉस्को सेवा होती, आणि १९७० पासून जपान एअरलाइन्सची विमाने सायबेरियावरून मॉस्कोमार्गे युरोपात जाऊ लागली. परवानगी मोजक्यांना मिळे.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने जादा इंधनक्षमतेच्या डीसी-१० विमानाने हेलसिंकीहून टोकियो न थांबता गाठले, तेही ध्रुवाला वळसा घालून, सुमारे तेरा तासांत. वळसा का घालावा लागे, याचे भीषण उत्तर त्याच वर्षी १ सप्टेंबरला मिळाले. अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ जण मृत्युमुखी पडले.

शीतयुद्ध ओसरल्यावर सरळ वाट खुली झाली. फिनएअरने आपला आशियाई व्यापारच या जवळिकीवर उभारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, युरोपीय संघ आणि रशिया यांनी परस्परांसाठी आकाश बंद केले, आणि टोकियो पुन्हा तेरा तासांवर गेले. १९८३ पेक्षा कितीतरी प्रगत विमाने हाताशी असताना!

भारतीयांना हे नवे नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानचे आकाश बंद असताना इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्यात उतरावे लागत होते.

चिनी कंपन्यांची विमाने मात्र २०२२ नंतरही सायबेरियावरूनच युरोपला जात राहिली. त्यांच्या प्रवाशांसाठी युरोप आहे तेथेच राहिला.