भयकथा आणि बालमन

वार्षिक परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागली कीं वाचनालयाच्या कपाटांतील एक कोपरा सर्वांआधीं रिकामा होतो, आणि तो बहुधा भुताखेतांच्या गोष्टींचा असतो. ज्या मुलास क्रमिक पुस्तकाचें एक पान वाचावयास सांगितलें तर जांभया येतात, तोच मुलगा नारायण धारपांची कादंबरी एका बैठकींत संपवितो, आणि मग रात्रीं पाणी पिण्यासाठीं स्वयंपाकघरांत एकटा जाण्यास कचरतो. पालकांची तक्रार अशी कीं, असलीं पुस्तकें मुलांस भित्रीं व अंधश्रद्धाळू करतात; तेव्हां शाळेनें तीं कपाटांतून काढून टाकावींत. या तक्रारींत तथ्यांश आहे हें आम्ही मान्य करतों. तथापि मुलें या गोष्टींकडे कां ओढलीं जातात याचा विचार न करतां कपाटास कुलूप लावणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

भयकथा नानाप्रकारच्या असतात. पण त्यांतील ज्या एका जातीवर मुलांचें विशेष प्रेम असतें, तिची ठेवण जगभर बहुतेक सारखी आहे. एक लहानसें गांव, उन्हाळ्याची सुटी, चार-सहा सवंगडी, आणि गांवांत वावरणारें कांहींतरी अमंगल, जें मुलांस दिसतें व वडीलधाऱ्यांस दिसत नाहीं. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांची १९८६ सालीं प्रसिद्ध झालेली ‘इट’ ही प्रचंड कादंबरी या जातीचा नमुना होय. डेरी नांवाच्या एका कल्पित गांवांतील सात मुलें १९५८ च्या उन्हाळ्यांत एका दुष्ट शक्तीस तोंड देतात. ही शक्ति प्रत्येक मुलापुढें त्याच्याच मनांतील भीतीचें रूप घेऊन उभी राहते. त्यांपैकीं एका मुलीस न्हाणीघरांत रक्त उसळलेलें दिसतें. तिच्या बापास तेथें कांहींच दिसत नाहीं. मग तिचे सवंगडी येतात, त्यांस तें रक्त दिसतें, आणि सर्व मिळून तें पुसून काढतात. हा ग्रंथ प्रौढांसाठीं लिहिलेला असून त्यांतील कित्येक प्रकरणें शाळकरी मुलांच्या हातीं देण्याजोगीं नाहींत, हें स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. परंतु या एका प्रसंगांत अशा सर्व वाङ्मयाचें मर्म सांपडतें. त्या मुलीची भीति कोणीं खोटी ठरविली नाहीं. ती दुसऱ्यास दिसली, आणि एवढ्यानेंच ती पुसण्याजोगी झाली.

मराठींत हें बीज रुजविण्याचें श्रेय मुख्यत्वें नारायण धारप (१९२५–२००८) यांचें. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे. त्या मूळ कथेंत गांवावर आलेलें संकट जे थोडे लोक ओळखतात, त्यांत भुतांच्या खेळण्यांचा नाद असलेला एक शाळकरी मुलगा आहे; खिडकीशीं आलेल्या पिशाच्चास तो आपल्या खेळांतल्या क्रुसानें परतवितो. दुसरे थोर लेखक रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). ज्या लेखणीनें त्यांनीं मोठ्यांची झोप उडविणाऱ्या गूढकथा लिहिल्या, तिनेंच मुलांसाठीं ‘अलबत्या गलबत्या’ हें नाटक लिहिलें. त्यांतील चेटकीण रंगभूमीवर आली कीं प्रेक्षागृहांतील मुलें किंचाळतात, आणि लगेच हंसूं लागतात. एकट्यानें किंचाळणें हें दुःख, शंभर जणांनीं मिळून किंचाळणें हा उत्सव, हा भेद त्या प्रेक्षागृहांत ज्यानें एकदां पाहिला त्यास आमचें म्हणणें अर्धें पटलेंच असेल.

परदेशी बीज येथें रुजलें याचें कारण ही जमीन आधींच कसलेली होती. आमच्या कोंकणांत भुतांची वाण कधींच नव्हती. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, गिऱ्हा पाण्यांत, चकवा वाटेवर आणि वेताळ गांवाच्या शिवेवर, अशी त्यांची जणूं वांटणीच ठरलेली. जरा निरखून पाहिलें तर यांतील बहुतेक नांवांआड एखादें खरें दुःख दडलेलें आढळतें. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वींच निवर्तलेला मुलगा. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणांत दगावलेली स्त्री. गिऱ्हा म्हणजे पाण्यानें ओढून नेलेल्यांची आठवण. चकवा म्हणजे काळोखांत वाट चुकून खाजणांत भटकलेल्यांची कहाणी. देवी, पटकी व घटसर्प यांनीं ज्या काळीं घरेंच्या घरें ओस पडत, त्या काळीं गांवानें अकालीं गेलेल्या आपल्या माणसांची नोंद दप्तरांत ठेविली नसेल, पण गोष्टींत मात्र ठेविली. आजी नातवास भुताची गोष्ट सांगते तेव्हां ती त्यास घाबरविते खरी. पण त्याबरोबरच या विहिरींत, या वळणावर, या भरतीच्या पाण्यांत पूर्वीं कोणाचें काय झालें हेंही ती त्यास सांगत असते.

आतां उन्हाळाच कां, व लहान गांवच कां, असा प्रश्न येतो. पेण तालुक्यांतील जोहे गांव घ्या. हमरापूर, कळवे, तांबडशेत या शेजारच्या गांवांप्रमाणें येथेंही गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, आणि या भागांतून मूर्ति मुंबई-पुण्यास व परदेशींही जातात. मे महिन्यांत आजोळीं आलेलें एखादें मूल, भर दुपारीं वडील मंडळी आडवी झाली असतां, अशा कारखान्यांत शिरलें तर त्यास काय दिसेल? अर्धवट अंधार, आणि त्यांत रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगाच रांगा. एकीलाही अजून डोळे नाहींत. भाद्रपदांत ज्या देवापुढें तें निर्धास्तपणें हात जोडतें, त्याच देवाच्या डोळे न उघडलेल्या रांगेसमोरून पळून जावें असें त्यास वाटलें तर नवल नाहीं. पुढें कारागीर बसतो, बारीक कुंचल्यानें डोळ्यांची आखणी करतो, आणि ती मूर्ति आपल्याकडे पाहूं लागते. मग भय संपतें व ओळख सुरू होते.

मुलांच्या मनांतील भीतीचेंही असेंच आहे. जिला नांव नाहीं, रूप नाहीं, जी कोठून पाहते तें कळत नाहीं, ती भीति सर्वांत जाचक. चांगली भयकथा त्या कच्च्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करते. ती भयास रूप देते, नांव देते, गांव देते, आणि शेवटचें पान देते. शाळेच्या दिवसांत मुलाचा प्रत्येक तास कोणाच्या तरी नजरेखालीं जातो. सुटींत तें प्रथमच एकटें हिंडतें, आणि त्याच सुटींत त्यास प्रथम उमगतें कीं आपणांस या घटकेस कोणी पाहत नाहीं. यांत जितका आनंद आहे तितकीच भीति आहे. उन्हाळ्यांतील भयकथा या दोहोंच्या सांध्यावर उभी असते, म्हणूनच ती मुलांस आपली वाटते. मोठ्यांसही ती आवडते, कारण त्यांच्याही अंतरांत तो उन्हाळा कोठेंतरी शिल्लक राहिलेला असतो.

येथें पालकांस एक विनंति आहे. मुलांस भीति प्रथम कोण शिकवितें, याचा त्यांनीं शांतपणें विचार करावा. “झोप, नाहींतर बागुलबुवा येईल,” हें वाक्य कोणत्याही कादंबरीकाराचें नव्हे, तें आपल्या घरांतील आहे. बागुलबुवा आणि भयकथा दोन्हीं भयाचाच उपयोग करतात, पण दोहोंचा हेतु निराळा आहे. बागुलबुवा मुलाचें तोंड बंद करण्यासाठीं बोलाविला जातो. गोष्ट ऐकून मुलाचें तोंड उघडतें. गोष्ट संपल्यावर तें प्रश्न विचारतें, सवंगड्यांस सांगतें, वाद घालतें. घरांत बागुलबुवास थारा द्यावयाचा व पुस्तकास मात्र दाराबाहेर काढावयाचें, हा न्याय उलटा आहे.

अशा पुस्तकांनीं भुतांवरील विश्वास वाढतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि ज्या महाराष्ट्रांत अंधश्रद्धेविरुद्ध झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं हत्या झाली, तेथें त्याची हेटाळणी करणें शोभणार नाहीं. त्याच वर्षीं राज्यांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, तसेंच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें, हे त्या कायद्यानें अपराध ठरविले आहेत. परंतु कादंबरी व मांत्रिक यांत मोठा भेद आहे. कादंबरी आपण कल्पित असल्याचें पहिल्याच पानावर कबूल करते, व पुस्तक मिटल्यावर कोंबडें मागत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें कार्य या संदर्भांत विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें. लाल विंचवाच्या दंशानें कोंकणांतील कितीतरी मुलें दगावत. अंगास दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि उपाय म्हणून मांत्रिक. बावस्करांनीं खेड्यांतील रुग्णांच्या उशाशीं रात्रंदिवस बसून या विषाचा अभ्यास केला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि मृत्यूंचें प्रमाण कितीतरी पटींनीं खालीं आणलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री देऊन गौरविण्यांत आलें. अंधारांत काय आहे हें त्यांनीं दिवा घेऊन पाहिलें. भिणारानें दिवा लावावा, हीच आमचीही शिकवण आहे. पण दिवा लावावयाचा तर आधीं ‘मला भीति वाटते’ असें म्हणण्याची मुभा पाहिजे.

आणि आमच्या मतें या सर्व चर्चेंतील कळीचा मुद्दा हाच आहे. ज्या घरांत भित्र्या मुलाची थट्टा होते, त्या घरांतील मूल भिणें सोडीत नाहीं, सांगणें सोडतें. मग विंचू चावला तरी तें अंथरुणांत गप्प राहील. पोहतां येत नसतां थट्टेच्या भयानें खाडींत उतरेल. एखाद्या गृहस्थाच्या घरीं जावयास तें नको म्हणेल, आणि कां तें सांगणार नाहीं. मुलें ज्यास भूत म्हणतात तो कधींकधीं माणूस असतो, ही गोष्ट कितीही कटु असली तरी पालकांनीं विसरूं नये. मुलांस लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २०१२ सालीं झाला, आणि संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. परंतु कायदा व क्रमांक उपयोगीं पडण्यापूर्वीं मुलाचें म्हणणें खरें मानणारा एक तरी कान घरांत असावा लागतो. भयकथांतील गांवें उद्ध्वस्त होतात तीं राक्षस बलाढ्य असतो म्हणून नव्हे. मोठीं माणसें ऐकत नाहींत म्हणून होतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. रात्रीं वादळांत सांपडलेल्या तारवांतील शिष्यांस पाण्यावरून कोणी चालत येतांना दिसला, आणि ‘भूत आहे’ म्हणून ते भयानें ओरडले. ते कांहीं लहान मुलें नव्हते. त्यांतील कित्येक जन्माचे कोळी होते. प्रभु येशूनें त्यांस प्रथम उपदेश केला नाहीं, हंसलाही नाहीं. लगेच बोलून आपली ओळख दिली व धीर दिला. पेत्रास त्याच्या अल्पविश्वासाबद्दल बोल लाविला तो नंतर, आणि तोही त्याचा हात धरल्यावर. भिणाऱ्याशीं कसें वागावें याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं. आधीं हात, मग उपदेश. दिवेलागणीस रामरक्षा म्हणतांना नातवास जवळ ओढून घेणाऱ्या आजीसही हा क्रम कोणीं शिकवावा लागला नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, भयकथा वाचा. पण आपल्या वयास शोभतील अशा निवडा, दिवसाउजेडीं वाचा, आणि शक्य तर एकट्यानें न वाचतां भावंडांस मोठ्यानें वाचून दाखवा. गोष्टींतील मुलें शेवटीं वांचतात तीं शूर असतात म्हणून नव्हे, एकमेकांस खरें सांगतात म्हणून, हें ध्यानांत ठेवा. आपल्याहून लहान मुलास भुताचें सोंग घेऊन घाबरविणें यांत कसलाच पराक्रम नाहीं. आणि पालकहो, मुलाच्या हातांतील पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं त्याच्याशेजारीं घटकाभर बसा व विचारा: “यांतलें तुला सर्वांत कशाचें भय वाटलें?” जें उत्तर येईल तें पुरतें ऐकून घ्या, मधेंच हंसूं नका. या सुटींत इतकें केलेंत, तर वाचनालयाच्या त्या रिकाम्या कोपऱ्याबद्दल आपली तक्रार उरणार नाहीं असा आम्हांस विश्वास वाटतो.