रात्रीची लाईट

साप शेतकऱ्याचा मित्र, असं शहरातले पाव्हणे आम्हाला सांगतात. असंल. उंदीर तोच खातो. साठ वर्षं आम्ही त्याच्या शेजारीच राहिलो. दिवसा तो बांधाच्या बिळात, आम्ही वावरात. भांडण लावलं ते रात्रीच्या लाईटीनं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे वेळापत्रक लावणाऱ्यानं रात्री दोनला हरभऱ्यात दारं धरून बघावं. घोणस कुकरच्या शिट्टीगत फुसकारते, पण पाण्याच्या खळखळीत ऐकू कुठं येतं?

माझ्या धाकट्या भावाला तिथंच डसली. आधी मारुतीच्या पारावर नेला, ती चूक आमची. मग दवाखाना गाठला, तर तिथं सापाची लस संपलेली. वेळेत लस मिळाली की माणूस वाचतो, मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडेंनी किती जणांना वाचवलं, हे सगळ्या नांदेड जिल्ह्याला ठाऊक आहे. भाऊ वाटेतच गेला.

साप चावून शेतकरी मेला की वारसाला सरकार दोन लाख देतं. म्हणजे आम्ही कशानं मरतो हे सरकारला माहीत आहे! मग लाईट दिवसा का देत नाही?

सोमवारपासून आमच्या फिडरला पुन्हा रात्रीची पाळी आहे.