पंपास कोणती बॅटरी, कुंपणास कोणती?

भातावर तपकिरी तुडतुडे चढले असता फवारणीस चार दिवसांचा विलंबही पीक घालवितो. नेमक्या अशा वेळी पाठीवरच्या पंपाची बॅटरी दगा देते. मग ठाणे जिल्ह्यातील शेतकरी कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात धाव घेतो व सर्वांत स्वस्त बॅटरी घेऊन परततो. ही रीत फायद्याची नव्हे. किंमत विचारण्यापूर्वी बॅटरीकडून कोणते काम घ्यावयाचे आहे, हे ठरविले पाहिजे.

सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे मुख्य प्रकार दोन. एजीएम प्रकारात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. ही बॅटरी तुलनेने स्वस्त असून लवकर चार्ज होते. जेल प्रकारात आम्लात सिलिका मिसळून ते खळीसारखे घट्ट केलेले असते. ही बॅटरी उष्णता व वारंवार खोलवर रिकामे होणे अधिक सोसते. परंतु ती महाग असते आणि जादा व्होल्टेजच्या चार्जरने लवकर बिघडते.

यास्तव हंगामापुरत्या चालणाऱ्या पंपास १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी पुरेशी आहे. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या सौर कुंपणाची गोष्ट निराळी. तेथील बॅटरी उन्हातल्या पेटीत राहते व रोज रात्री राबते. मुरबाड-शहापूरकडील उन्हाळा पाहता तेथे जेल बॅटरी व तिला जुळणारा चार्ज नियंत्रक घेणेच हिताचे.

तथापि निवडीइतकीच निगाही अगत्याची आहे. पंपाच्या कित्येक बॅटऱ्या कामाने नव्हे, तर पडून राहिल्याने मरतात. फवारणी आटोपताच पंप रिकाम्या बॅटरीसह माळ्यावर जातो. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. पुढील हंगामात बॅटरी चार्ज होत नाही आणि दोष मात्र दुकानदारास दिला जातो. पंप ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. ती उघडून तीत पाणी घालू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साधा व्होल्टमापक जवळ बाळगावा. काही तास विसावलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.८ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजावी. निकामी बॅटरी घरी फोडू नये, शिसे विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांस अनुसरून ती विक्रेत्याकडे परत द्यावी.