रूपकाचा हव्यास

अभिजात चिनी कवितेतील निसर्गप्रतिमांना सरसकट ‘भावनेची रूपके’ ठरविण्याची समीक्षेतील सवय आता तपासून पाहिली पाहिजे. चिनी कवितेत रूपक नाही, असे नव्हे. परंतु तेथील काव्यविचाराने तुलनेसाठी ‘बी’ ही संज्ञा योजली आणि निसर्गदृश्यातून भाव जागविणारी ‘शिंग’ ही रीती तिच्यापासून वेगळी मानली. हा भेद पुसणे म्हणजे सुलभीकरण नव्हे, विपर्यास होय.

दू फूची 757 सालची, बंडखोरांच्या ताब्यातील चांगआनमध्ये लिहिलेली वसंतदर्शनाची कविता पाहावी. तीत अश्रू फुलांचे की कवीचे, याचा निर्णय वाक्यरचना होऊ देत नाही. फुलांना शोकाचे उपमान ठरविले, की ही अर्थगर्भ संदिग्धता संपते आणि त्या वर्षीचा खराखुरा वसंतही नाहीसा होतो. ‘उद्दीपन विभाव’ म्हणूनही सुटका नाही. कारण उद्दीपन भावाबाहेरच राहते. सतराव्या शतकातील वांग फूझीच्या मते भाव आणि दृश्य यांचे द्वैत केवळ नावापुरते आहे. हे मत अमान्य असल्यास खोडून काढावे. ते कोणी मांडलेच नाही, अशा थाटात लिहू नये.