हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही



पूर्वी नांदायला गेलेली मुलगी माहेरी परत आली आणि आपल्या सल्ला केंद्रात आली, की तिच्या पिशवीतून ठरावीक कागद निघायचे. लग्नपत्रिका, दोन-चार फोटो, सोनाराच्या पावत्या, पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा कागद आला आहे. बँकेची नोटीस. शैक्षणिक कर्जाचे तीन हप्ते थकले, खाते अनुत्पादक झाले, सात दिवसांत रक्कम भरा, अशा मजकुराची. ती नोटीस मुलीच्या नावाबरोबर तिच्या बापाच्याही नावाने असते, कारण सहकर्जदार तोच असतो.

अशीच एक मुलगी मागच्या वर्षी आमच्याकडे आली. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं माहेर, सातारा जिल्ह्यातलं सासर. नर्सिंगची पदवी, त्यासाठी चार लाखांचं कर्ज. परीक्षा संपताच लग्न. मग एका खाजगी दवाखान्यात आठ-दहा महिने नोकरी, पगार बारा हजार. दिवस गेल्यावर रात्रपाळी झेपेना म्हणून नोकरी सुटली. बाळंतपणाला माहेरी आली ती आलीच, न्यायला कोणी आलं नाही. तिची गुणपत्रकं आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा कागद सासरच्या कपाटात. म्हणजे दुसरीकडे नोकरी मागायची तरी कशाच्या जोरावर? वडील बँकेत गेले आणि म्हणाले, वर्षभर हप्ता थांबवा, पोरीचं बाळ जरा मोठं होऊ दे. उत्तर मिळालं, ती सोय फक्त कोरोनात होती, आता संपली.

वडिलांनी आम्हाला जे विचारलं त्यामुळे हे संपादकीय लिहायला बसले आहे. ते म्हणाले, "पोरीला शिकवली हीच चूक झाली काय हो ताई?" त्यांची धाकटी मुलगी तेव्हा बारावीत होती.

आधी कोरोनातली सोय काय होती ते पाहू. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी बँकांना परवानगी दिली, की १ मार्च ते ३१ मे या काळातले मुदत कर्जांचे हप्ते पुढे ढकलावेत. २२ मे रोजी ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्यात शैक्षणिक कर्जही होतं. पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहिलं. थांबलेल्या काळाचं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि त्यावर पुन्हा व्याज घ्यायचं, असा तो हिशोब होता. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. मग केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक भरून द्यायचं ठरवलं. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने व्याजावर व्याज कोणाकडूनच घेऊ नका असं सांगितलं, मात्र व्याजच माफ करा ही मागणी फेटाळली.

वर्तमानपत्रांतून तेव्हा दिलाशाच्या मोठ्या बातम्या आल्या. तो दिलासा किती होता ते आपण पाटीवर मांडून बघू. बचतगटातल्या बायकांना व्याज शिकवावं लागत नाही, त्या बँकवाल्यांनाच शिकवतील.

समजा एका मुलीने चार वर्षांत दरवर्षी एक लाख असं चार लाखांचं कर्ज घेतलं, दर दहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज लागत असतं. पहिल्या लाखावर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, असं करत कॉलेज संपेपर्यंत एक लाख रुपये व्याज होतं. पुढच्या एका वर्षाचे चाळीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज पाच लाख चाळीस हजार. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ७,१४० रुपये. पगार बारा हजार! आता ही रक्कम बाकी असताना सहा महिने हप्ता थांबवला, तर व्याज होतं जवळजवळ २७,५७०. त्यातला 'व्याजावरच्या व्याजाचा' भाग आहे सुमारे ५७० रुपये. सरकारने दिले ते हे ५७०. उरलेले २७ हजार मुलीच्या डोक्यावर. आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी जिचं खातं आधीच अनुत्पादक झालेलं होतं, तिला तेही नाहीत.

याच काळात अमेरिकेत काय झालं तेही सांगायला हवं. तिथे केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जांचे हप्ते मार्च २०२० पासून थांबवले आणि त्याबरोबर व्याजाचा दर शून्य केला. व्याज पुन्हा सुरू झालं सप्टेंबर २०२३ मध्ये. त्या देशाचं गुणगान करायचा हेतू नाही. तिथल्या एकूण शैक्षणिक कर्जातलं सुमारे दोन तृतीयांश कर्ज स्त्रियांच्या नावावर आहे आणि ते फेडता फेडता त्यांचं अर्धं आयुष्य जातं. पण हप्त्याबरोबर व्याजही थांबवता येतं, हे त्यातून दिसलं. ऑस्ट्रेलियात तर १९८९ पासून अशी पद्धत आहे, की कमाई ठरावीक रकमेच्या खाली असेल तर त्या वर्षी काही भरावंच लागत नाही. नोकरी नसलेल्या बाईला तिथे मॅनेजरसाहेबांपुढे हात जोडून उभं राहावं लागत नाही.

आता आपल्याकडच्या त्या उत्तराकडे येते, 'सोय फक्त कोरोनात होती'. हे खरं नाही. शैक्षणिक कर्जासाठी भारतीय बँक संघाची एक आदर्श योजना आहे, २००१ पासूनची. २०१५ मध्ये ती सुधारली. तिच्यात शिक्षण संपल्यावर एक वर्ष सूट आहे, परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि आणखी एक वाक्य आहे जे आपण सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. कर्जदार बेकार असेल किंवा शिक्षणाच्या मानाने फार कमी कमाई होत असेल, तर कर्जाच्या एकूण काळात दोन-तीन वेळा हप्त्यांना स्थगिती देता येते. ही योजना बँकांसाठी मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही. देणं न देणं शाखेच्या मर्जीवर. त्यामुळे होतं काय, की ज्याला इंग्रजीत पत्र लिहिता येतं, ज्याचा मामा बँकेत आहे, त्याला स्थगिती मिळते. आमच्या मुलीच्या बापाला दारातूनच परत पाठवलं जातं.

आणि योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं बघा. नवा उद्योग काढू पाहणाऱ्या पदवीधराला त्या तयारीच्या काळापुरती स्थगिती मिळावी, असंही तिच्यात म्हटलं आहे. चांगलं आहे. पण बाळंतपणासाठी? नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी? मारहाणीमुळे रातोरात घर सोडून आलेल्या बाईसाठी? एक अक्षर नाही. कर्जदार म्हणजे एक तरुण मुलगा, तो शिकेल, नोकरीला लागेल आणि साठीपर्यंत सलग कमावत राहील, हे गृहीत धरून हप्ता बांधलेला असतो. बाईचं कमावणं असं सलग नसतं. ते मध्ये तुटतं, पुन्हा जोडलं जातं, पुन्हा तुटतं. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतोच.

व्याज अनुदानाचं तेच. २००९ पासून केंद्राची योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या आणि पुढच्या एका वर्षाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. वरच्या हिशोबातले एक लाख चाळीस हजार त्यात वाचले असते. आमच्या मुलीला ते मिळालं नाही, कारण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत द्यावा लागतो, हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. पण याहून वाईट अट पुढे आहे. मध्येच शिक्षण सोडणाऱ्याला हे अनुदान मिळत नाही, आजारपणाचा अपवाद सोडून. आपल्या भागात मुली शिक्षण मध्येच का सोडतात? स्थळ आलं म्हणून. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न लावून दिलं, सासरच्यांनी कॉलेज बंद केलं, की पदवी गेली, अनुदान गेलं आणि कर्ज तेवढं तिच्या नावावर राहिलं.

हे कर्ज मग कोणी फेडायचं? लग्नाच्या बैठकीत मुलीचं शिक्षण मोठ्या आवाजात सांगितलं जातं, कर्ज सांगितलं जात नाही. नंतर कळलं की सासू म्हणते, तुमच्या पोरीचं कर्ज, तुम्ही फेडा. पगार मात्र सासरच्या घरात. मुलगी शिकली, तिचा पगार सासरी आला आणि शिक्षणाचा खर्च दहा-पंधरा वर्षं माहेर फेडत राहिलं, तर याला हुंड्याखेरीज दुसरं काय नाव द्यायचं? फक्त तो बँकेमार्फत, हप्त्याहप्त्याने दिला जातो. आणि बाप थकबाकीदार झाला, की गावात जे बोललं जातं ते पोरीच्या शिक्षणाला धरूनच. ज्या जिल्ह्यातल्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला, तिथे आज बाप म्हणतो शिकवली ही चूक झाली. अंधश्रद्धेतून म्हणतो असं नव्हे, पासबुक पाहून म्हणतो.

साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. रयतच्या 'कमवा आणि शिका'वर इथल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. आता आधी शिका, मग कमवा, आणि मध्ये व्याज वाढू द्या. मंगळसूत्रं आजही गहाण पडतात, सोनेतारणाच्या काउंटरवर, मुलीचा हप्ता भरायला. आईच्या त्या कर्जाची नोंद कोणत्याच शैक्षणिक आकडेवारीत येत नाही.

काही मैत्रिणींचं म्हणणं आहे, की आपण स्थगिती मागणं म्हणजे कर्जाची पद्धतच मान्य करणं. शिक्षण फुकटच हवं, ही मागणी सोडून हप्ते पुढे ढकलण्याच्या गोष्टी का करायच्या? मला हा मुद्दा पटतो आणि तरी त्यावर थांबता येत नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ते स्वागतार्हच आहे. पण खाजगी अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत, व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश नाहीत, आणि खोली, मेस, एस.टी.चा पास, गणवेश हे तर कुठेच नाही. शिवाय ज्यांनी आधीच कर्ज काढून शिक्षण पूर्ण केलं, त्या हजारो मुलींना या निर्णयाचा उपयोग शून्य. त्यांना आज, या महिन्यात, श्वास घ्यायला जागा हवी आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्थगिती ही भेट नाही, वरचा हिशोब पुन्हा बघा. मी स्वतः समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज घेतलं होतं आणि दोनदा हप्ता थांबवण्याचा मोह आवरून निदान व्याज तरी भरत राहिले. मला ते जमलं, कारण मला पगार होता आणि घरून विरोध नव्हता. जिला निदान व्याज भरणं शक्य आहे तिने ते भरावं. जिला तेही शक्य नाही तिच्यासाठी ही मागणी आहे. बेकारी, गर्भारपण, बाळंतपण, नवऱ्याने टाकणं आणि घरातली हिंसा ही स्थगितीची कारणं म्हणून योजनेत लिहिली गेली पाहिजेत, त्या काळातलं व्याज सरकारने सोसलं पाहिजे, आणि अर्जाचा मराठी नमुना प्रत्येक शाखेत मिळाला पाहिजे. बँकवाले म्हणतील, मग कोणीच फेडणार नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांची फेररचना करायला परवानगी दिली, ती मोठ्या कंपन्यांनाही होती. तेव्हा हा प्रश्न कोणी एवढ्या जोरात विचारल्याचं आठवत नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी काय करायचं? केस घेताना बाईला कर्जाबद्दल विचारा, ती आपण होऊन सांगत नाही. स्थगितीचा अर्ज तोंडी नको, लेखी द्या, कारण लिहा, किती महिने ते लिहा आणि पोच घ्या. तीन हप्ते थकायच्या आत द्या, कारण नंतर बँकेचं ऐकून घेणं संपतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शेजारीपाजारी बदनामी करायची नाही, असा २०२२ चा आदेश आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करताना आर्थिक मदतीच्या मागणीत कर्जाचा हप्ता मांडा. आणि त्याच अर्जात कलम १९ खाली, स्त्रीधनाबरोबर गुणपत्रकं आणि नोंदणीचे कागद परत मागा. भांडी-कुंडी परत मिळवण्यात आपण फार तारखा घालवतो, पण कागद हातात आले तर ती उद्यापासून कमावू शकते.

आमच्या त्या मुलीचं सांगायचं राहिलं. कागद सहा महिन्यांनी मिळाले, संरक्षण अधिकारी बाई स्वतः बरोबर गेल्या म्हणून. बँकेने लेखी अर्जावर एक वर्षाची स्थगिती दिली, व्याज चालू ठेवून. ती आता मिरजेत एका दवाखान्यात दिवसपाळी करते, बाळ आईजवळ असतं. धाकटीने बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरला आहे. कर्ज काढायचं की नाही यावर घरात अजून बोलणं चालू आहे.