एका दिवसात रोम: छोट्या गटाच्या टूरमध्ये नेमके कशाचे पैसे मोजावे लागतात?

रोममधल्या प्रसिद्ध त्रेवी कारंज्याच्या अगदी काठाशी जायचं असेल, तर फेब्रुवारी २०२६ पासून पर्यटकांना दोन युरोंचं तिकीट काढावं लागतं. समोरच्या चौकात उभं राहून कारंजं पाहणं अजूनही फुकट आहे. पैसे आहेत ते पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाण्याचे. रक्कम छोटी आहे. एक युरो साधारण शंभर रुपयांचा धरला, तर दोनशे रुपये. पण युरोपातल्या मोठ्या शहरांनी गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी जी नियमावली उभी केली आहे, तिचा हा आणखी एक धागा आहे.

या नियमांचा सगळ्यात मोठा परिणाम होतो तो एका दिवसात शहर दाखवणाऱ्या टूरवर. महाराष्ट्रातून उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपला जाणाऱ्या अनेकांच्या वेळापत्रकात रोमच्या वाट्याला एक किंवा फार तर दोन दिवस येतात. अशा वेळी ‘स्मॉल ग्रुप गाइडेड टूर’ नावाची महागडी गोष्ट समोर येते. ती घ्यावी का? आणि तिच्यात नेमकं काय विकलं जातं?

छोटा गट म्हणजे किती जणांचा?

‘छोटा गट’ ही कायद्यातली व्याख्या नाही, तो विक्रीचा शब्द आहे. कुणी आठ जणांच्या गटाला छोटा म्हणतं, कुणी पंधरा, तर कुणी वीस. आपल्याकडच्या पॅकेज टूरमध्ये एका बसमध्ये चाळीस-पंचेचाळीस जण असतात. त्या तुलनेत वीस हा आकडाही छोटाच वाटतो.

फरक पडतो तो प्रत्यक्ष जागेवर. पंचेचाळीस जणांना एका दारातून आत न्यायचं, सुरक्षा तपासणीतून सगळ्यांना बाहेर काढायचं, मागे राहिलेल्यांची वाट बघायची, स्वच्छतागृहासाठी थांबायचं, यातच बराच वेळ जातो. दहा-बारा जणांच्या गटात तोच वेळ पाहण्यासाठी आणि प्रश्न विचारण्यासाठी मिळतो.

एका दिवसात काय काय बसतं?

रोमच्या एका दिवसाच्या टूरचा साचा ठरलेला आहे. सकाळी व्हॅटिकन म्युझियम्स आणि सिस्टिन चॅपेल, दुपारी कोलोसियम आणि रोमन फोरम, मधल्या वेळेत किंवा संध्याकाळी त्रेवी कारंजं, पँथिऑन, पियाझ्झा नव्होना आणि स्पॅनिश स्टेप्स.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणाचे स्वतःचे नियम आहेत. व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद असतात; फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात, पण त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने मोठी रांग असते. पोप रोममध्ये असतील, तर बुधवारी सकाळी सेंट पीटर्स चौकात त्यांची जाहीर भेट असते आणि त्या वेळेत सेंट पीटर्स बॅसिलिकात पर्यटकांना प्रवेश मिळत नाही. बॅसिलिकात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो काढायला मनाई आहे आणि तिथे गाइडलाही माहिती सांगता येत नाही. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या छताची गोष्ट गाइड आधीच, बाहेरच्या अंगणात फलकांच्या मदतीने सांगून ठेवतो. आत सगळे नुसतेच मान वर करून पाहतात.

त्यात पर्यटकांच्या बसना रोमच्या ऐतिहासिक भागात २०१९ पासून बंदी आहे. त्यामुळे बस कितीही आरामदायी असली, तरी शहराचं खरं दर्शन पायीच घ्यावं लागतं. व्हॅटिकन आणि कोलोसियम यांच्यातलं अंतरच साधारण चार किलोमीटर आहे. सोबत ज्येष्ठ नागरिक किंवा लहान मुलं असतील, तर ही बाब तिकिटाच्या किमतीइतकीच महत्त्वाची ठरते.

पैसे कशाचे जातात?

आधी प्रवेशशुल्काचा हिशोब पाहू. २०२५ मधल्या अधिकृत दरांनुसार कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी यांचं एकत्रित साधं तिकीट १८ युरोंचं होतं. व्हॅटिकन म्युझियम्सचं तिकीट २० युरो आणि आगाऊ आरक्षणाचे ५ युरो. पँथिऑनमध्ये पूर्वी मोफत जाता येत असे. जुलै २०२३ पासून तिथे ५ युरो घेतले जातात. त्यात त्रेवीचे २ युरो मिळवले, की बेरीज ५० युरो होते. म्हणजे सगळी मुख्य ठिकाणं स्वतःच्या स्वतः पाहिली, तर माणशी सुमारे पाच हजार रुपये.

गाइडेड टूरचा दर याच्या कितीतरी पुढे जातो. त्याचं पहिलं कारण साधं गणित आहे. गाइडचं मानधन गटामागे असतं, माणसामागे नव्हे. उदाहरणादाखल, गाइडचे दिवसाचे ४०० युरो धरले, तर चाळीस जणांच्या गटात माणशी १० युरो येतात आणि दहा जणांच्या गटात ४० युरो. गट जितका लहान, तितका प्रत्येकाचा वाटा मोठा.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. टूर कंपनी फक्त माहिती विकत नाही, ती ठरावीक वेळेचा प्रवेश विकते. कोलोसियममध्ये एका वेळी जास्तीत जास्त तीन हजार लोकांनाच राहता येतं आणि २०२३ या एका वर्षात या संकुलाला १ कोटी २० लाखांहून अधिक पर्यटकांनी भेट दिली. त्यामुळे ‘सकाळी साडेनऊचा स्लॉट’ ही दुर्मीळ वस्तू झाली आहे. दुर्मीळ वस्तू आली की तिचा काळाबाजारही आलाच.

तिकिटं संपतात, ती जातात कुठे?

कोलोसियमची तिकिटं भेटीच्या तीस दिवस आधी ऑनलाइन खुली होतात. अनेक वर्षं पर्यटकांची तक्रार होती, की ती उघडताच संपतात आणि मग तीच तिकिटं खासगी संकेतस्थळांवर गाइडच्या जोडीने चढ्या दराने दिसतात.

यावर पहिला उपाय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. प्रत्येक तिकिटावर पर्यटकाचं नाव छापणं आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं. आपल्या रेल्वे आरक्षणासारखाच हा प्रकार आहे. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेने या प्रकरणात एकूण जवळपास २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्यातले सुमारे ७० लाख युरो कोलोसियमची तिकीटविक्री १९९७ पासून २०२४ पर्यंत सांभाळणाऱ्या ‘कूपकल्चर’ या संस्थेला आणि उरलेली रक्कम सहा पर्यटन कंपन्यांना भरायला सांगण्यात आली. मूळ दराची तिकिटं सर्वसामान्यांना दीर्घकाळ मिळेनाशी झाली, संस्थेने स्वतःच्या टूरसाठी मोठा साठा राखून ठेवला, आणि काही कंपन्यांनी स्वयंचलित ‘बॉट’ वापरून तिकिटं उचलली, असा नियामकाचा ठपका होता.

याचा अर्थ प्रत्येक गाइडेड टूर फसवी असते, असा नाही. पण ‘रांग टाळा’ या जाहिरातीचा अर्थ त्यामुळे स्पष्ट होतो. काही वेळा ज्या टंचाईतून सुटका म्हणून जादा पैसे घेतले जातात, ती टंचाई वाढवण्यात विक्रेत्यांचाच हात असतो. शिवाय सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टाळता येत नाही, अगदी सगळ्यात महाग टूर घेणाऱ्यालाही नाही.

माहिती कोण सांगू शकतं?

भारतातून जाणाऱ्या गटासोबत कंपनीचा टूर मॅनेजर असतो. तो हॉटेल, जेवण, बस आणि वेळ सांभाळतो. मात्र इटलीत पर्यटनस्थळी गाइड म्हणून काम करायला परवाना लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने त्यासाठी देशपातळीवरची परीक्षा आणि नोंदवही आणली. त्यामुळे स्मारकाच्या आत माहिती द्यायची, तर स्थानिक परवानाधारक गाइड घ्यावा लागतो.

मराठी पर्यटकांसाठी इथे भाषेचाही मुद्दा येतो. स्थानिक गाइड बहुधा इंग्रजीत बोलतो, तेही हेडसेटमधून. मोठ्या गटात मागे असलेल्या आजीला ते किती समजतं, हा प्रश्न उरतोच. छोट्या गटात टूर मॅनेजरला किंवा घरातल्याच कुणाला ते मराठीत समजावून सांगायला सवड मिळते.

शहरं गटांच्या आकारावर मर्यादा का घालत आहेत?

आतापर्यंत छोटा गट ही चैन होती. काही शहरांत आता तो नियम झाला आहे. ॲमस्टरडॅमने एप्रिल २०२० पासून शहराच्या मध्यवर्ती भागात गाइडेड गटाची मर्यादा १५ वर आणली आणि रेड लाइट भागातल्या टूर बंद केल्या. बार्सिलोनाने २०२२ मध्ये जुन्या शहरात २० जणांची मर्यादा घातली आणि मेगाफोनला मनाई केली. व्हेनिसने ऑगस्ट २०२४ पासून गट २५ जणांपुरता केला, लाउडस्पीकरवर बंदी आणली. त्याच वर्षी व्हेनिसने ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्कही घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ते ५ युरो होतं, तर २०२५ मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी १० युरो झालं.

कारण सरळ आहे. अरुंद गल्लीत पन्नास जणांचा गट थांबला, की तिथे राहणाऱ्याला दूध आणायला जाणंही अवघड होतं. दिवसापुरता आलेला पर्यटक शहरात राहत नाही, फारसं खर्चतही नाही. कचरा आणि गर्दी मात्र मागे ठेवतो, अशी स्थानिकांची तक्रार आहे. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांमुळे रहिवाशांना घरं महाग झाली, हा रागही त्यात आहे. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत अशा सुमारे दहा हजार फ्लॅटचे परवाने संपवण्याचा निर्णय जाहीर केला आहे.

रोममध्येही ताण कमी नाही. कॅथलिक चर्चच्या २०२५ च्या पवित्र वर्षात तिथे तीन कोटींहून अधिक भाविक आणि पर्यटक आले. त्रेवी कारंज्याजवळ डिसेंबर २०२४ पासून एका वेळी ४०० लोकांनाच सोडलं जातं.

पण त्याने गर्दी कमी होते का?

इथे खरी अडचण आहे. पन्नास जणांचे पंचवीसचे दोन गट केले, तरी शहरात माणसं पन्नासच राहतात. गल्ली मोकळी होते, आवाज कमी होतो, पण एकूण गर्दी घटत नाही. गर्दी घटवायची तर एका वेळी किती जणांना आत सोडायचं, हे ठरवावं लागतं. अथेन्सने सप्टेंबर २०२३ पासून ॲक्रोपोलिससाठी दिवसाला २० हजारांची मर्यादा आणि तासवार प्रवेश सुरू केला, तो याच विचाराने.

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. गट लहान झाले की टूर महागते. म्हणजे गर्दीवरचा उपाय हळूहळू किमतीतून अमलात येतो: ज्याच्याकडे पैसे, त्याला निवांतपणा. आयुष्यात एकदाच, बचत करून युरोप पाहायला येणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबावर याचा भार अधिक पडतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांसाठी तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. भारतीय त्यातच येतात.

अर्थात भारताला हे नवं नाही. ताजमहाल पाहायला भारतीयांना ५० रुपये, तर बहुतेक परदेशी पर्यटकांना ११०० रुपये मोजावे लागतात. मुख्य कबरीपर्यंत जायचे २०० रुपये २०१८ पासून वेगळे आहेत आणि तिकिटाला तीन तासांची मर्यादाही आहे. त्रेवीचे दोन युरो याच वाटेवरचे.

बुकिंगआधी काय तपासावं?

सगळ्यात आधी कार्यक्रमपत्रिकेतले शब्द नीट वाचावेत. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बाहेरून फोटो. ‘ओरिएन्टेशन टूर’ किंवा ‘पॅनोरमिक टूर’ म्हणजे बहुतेक वेळा बसमधून किंवा चालत चालत ओळख. ‘प्रवेशासह’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तरच आत जाणं धरावं. कोलोसियम यादीत असणं आणि कोलोसियमच्या आत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर चार प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावं:

- गटात जास्तीत जास्त किती जण असतील?
- गाइड परवानाधारक आहे का आणि कोणत्या भाषेत बोलेल?
- तिकिटं पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच काढली जातील का?
- किती चालावं लागेल आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी सोय काय?

ज्यांना इंटरनेटवर तिकीट काढता येतं आणि तब्येत साथ देते, त्यांना रोम स्वतःच्या हिमतीवर पाहता येतं. त्यांनी फक्त फोरमसारख्या ठिकाणी, जिथे सांगणारा नसेल तर नुसते भग्न खांब दिसतात, तिथे दोन-तीन तासांपुरता गाइड घेतला तरी पुरतं. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, सोबत वयस्कर मंडळी आहेत किंवा तिकिटं आधीच संपली आहेत, त्यांच्यासाठी छोट्या गटाची टूर महाग असली तरी उपयोगाची आहे.

मात्र एका दिवसात आठ ठिकाणं ‘कव्हर’ करून देण्याचा दावा करणाऱ्या टूरमध्ये प्रत्येक ठिकाणी आत किती मिनिटं मिळणार, हे विचारायला हवं. अशा टूरमध्ये पैसे वेळेसाठीच मोजले जातात, त्यामुळे उत्तरही मिनिटांत मागितलेलं बरं.