अंबरनाथचे देऊळ, एमआयडीसीचा भोंगा आणि गोविंद निहलानींचा कॅमेरा

१/ इतिहासप्रेमी अंबरनाथला उतरतात ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर पाहण्यासाठी. जवळची एमआयडीसी आणि निर्वासितांचे उल्हासनगर यांना मात्र कोणी ‘इतिहास’ मानत नाही. ही दृष्टी किती अपुरी आहे, हे गोविंद निहलानींचे चित्रपट दाखवून देतात.

२/ निहलानींचा जन्म १९४० चा, कराचीचा. फाळणीने कुटुंब उखडले व उदयपूरला आले. त्याच लोंढ्यातील हजारो सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत विसावली. १९४९ मध्ये तिचे नाव उल्हासनगर झाले.

३/ ‘समांतर सिनेमा म्हणजे शैलीहीन, माहितीपटासारखा रूक्ष’ हा आक्षेप निहलानींच्या बाबतीत अज्ञानातून येतो. ते ‘प्यासा’ व ‘कागज के फूल’चे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली घडले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) आणि बेनेगलांचा ‘अंकुर’ (१९७४) त्यांनीच चित्रित केले. त्यांच्या चौकटीतला अंधार योजलेला असतो.

४/ ‘आक्रोश’ (१९८०) पाहावा. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ पूर्ण चित्रपटभर मूक आहे. त्याची साक्ष न्यायालयाच्या कागदांत नाही. म्हणून कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर थांबतो.

५/ ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. अशा चित्रपटाला केवळ ‘हिंदी’ खात्यात टाकून मोकळे होणे म्हणजे मराठी साहित्याचाच वारसा नाकारणे.

६/ १९८२ च्या गिरणी संपानंतर आला ‘आघात’ (१९८५). अपघातग्रस्त कामगार दोन युनियनांच्या चढाओढीत प्यादे बनतो. ही अंबरनाथची कथा नव्हे. पण कारखान्याच्या फाटकावर युनियनच्या पाट्या पाहिलेल्या कोणालाही ती परकी वाटणार नाही.

७/ ‘तमस’ (१९८८) दूरदर्शनवर आली. आरंभी अंधाऱ्या खोलीत नथू डुकराशी झुंजतो. दंगलीची ठिणगी एका गरिबाच्या हातून, दुसऱ्याच्या पैशाने पडते. मालिकेवर बंदी मागितली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ती पाहून स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली.

८/ ‘कल्पित कथा हे साधन कसे?’ असे विचारले जाईल. शिलालेख तरी निःपक्षपाती कुठे असतो? तो सत्ताधीशाच्या इच्छेने कोरला जातो. कोणी, केव्हा, कोणासाठी, हे प्रश्न दोघांनाही विचारावेत. चित्रपट घटनेचा पुरावा नसेल. काळाच्या भीतीचा आणि संतापाचा मात्र नक्कीच आहे.

९/ देवळाचा दगड हजार वर्षे टिकला. बंद कारखान्याची भिंत आणि छावणीची बराक तितकी टिकणार नाही. त्यांचा इतिहास आज लिहिला नाही, तर उद्या वाचायला शिलालेखही नसेल.